गार्डाची शिट्टी

आमच्या रानाच्या मावळतीच्या बांधावर कमरेएवढा एक काळा दगड उभा होता. त्याला शेंदूर नव्हता, त्याच्यापुढं कुणी नारळ फोडत नव्हतं. तरी आबा जवळून जाताना त्याच्या माथ्यावर एकदा तळहात टेकवायचे. मला वाटायचं, म्हसोबा असेल. विचारलं तेव्हा म्हणाले, “द्येव न्हाई ह्यो. हद्द हाय. हितवर निजाम, हितनं फुडं इंग्रज.”

येडशीहून पांगरीकडं जाणाऱ्या वाटेच्या एका अंगाला आमचं गाव. आज येडशी धाराशिव जिल्ह्यात आणि पांगरी सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यात आहे. एसटीत बसलेल्या माणसाला हा फरक रस्त्याकडेच्या पाटीपुरता कळतो. १९४८ पर्यंत मात्र तो बांध दोन राज्यांमधला होता. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी. मोगलाईत हाली रुपया, इंग्रजीत कलदार. सहा कलदार मोजले की सात हाली हातात यायचे. मोगलाईत सरकारी शाळा उर्दू, कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार आणि फौजदार म्हणजे अमीन. अमीनसाहेबाच्या नावानं गावोगाव कवाडं बंद व्हायची, पण त्याचा शिपाई त्या दगडाच्या पलीकडं पाऊल टाकत नसे. गावातल्या पोरांना राज्यकारभारातलं एवढंच कलम ठाऊक होतं, आणि ते त्यांनी पायांनी पाठ केलं होतं.

आबा १९३२ च्या आगंमागं जन्मलेले. वानरासारखं पोरगं, असं गाव म्हणायचं, आणि रामलिंगच्या जंगलातली वानरं रोज बघणाऱ्या माणसांनी ते म्हटलेलं असल्यामुळं त्यात तुलनेचा नेमकेपणा होता. त्यांच्या गोष्टी पेरूच्या बागेपासून सुरू व्हायच्या. बाग देशमुखांची, एका बागवान चाचांनी ती मक्त्यानं घेतलेली. थंडीत पेरूला पाड लागला की चाचा मळ्यातच मुक्काम टाकायचे, रात्री कंदील, दिवसा गोफण. पोरं दुपारी जायची, चाचांच्या नमाजाची वेळ साधून. ही वेळ साधणं बरं नव्हतं, असं आबा म्हातारपणी आपणहून म्हणायचे. पण पुढं लगेच गोष्ट चालू व्हायची.

एका हिवाळ्यात अमीनसाहेब दौऱ्यावर आलेले, त्याच बागेत घोंगडीवर बसून पेरू खात होते. मागच्या बाजूनं पोरं धोतराच्या ओच्यात पेरू भरत होती. एकाचा पाय वाळल्या फांदीवर पडला. शिपाई उठला. बाकीची पोरं उसात शिरली, आबा मात्र सरळ मावळतीला सुटले. अर्धा कोस नांगरट. दगड ओलांडला आणि तिथंच, शिपायाकडं तोंड करून, मांडी घालून बसले. ओच्यातला एक पेरू काढला आणि खायला लागले. शिपाई धापा टाकत दगडाला टेकला. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. मग शिपाई म्हणाला, “एक तरी इकडं टाक रे.” आबांनी टाकला. दोघांनी दोन राज्यांत बसून एकाच बागेतले पेरू खाल्ले. शिपायाचं पोरगं आबांच्याच वयाचं होतं म्हणे, दूर बिदरकडं कुठंतरी.

ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली. तिचा अर्थ मात्र मला शाळेच्या मैदानावर उमगला, खो-खो शिकताना. दोन खांबांमधली मधली पाटी पाठलाग करणाऱ्याला ओलांडता येत नाही. धावणाऱ्याला मात्र ती कितीही वेळा ओलांडून इकडचं तिकडं होता येतं. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की ती बदलायची नाही, पलीकडं जायचं तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्या गड्याला मागून खो द्यायचा. धावणाऱ्याला असलं कसलंच बंधन नाही. मला हे पहिल्याच दिवशी समजलं, कारण माझ्या घरात तो डाव आधीच होऊन गेला होता.

आबांचं म्हणणं असं की पळणं पायात नसतं, डोळ्यात असतं. पुढचं पाऊल कुठं पडणार हे मागचं पाऊल उचलायच्या आत ठरलं पाहिजे. बालाघाटाच्या कुशीतल्या आमच्या शिवारात चार हात जमीन सारखी नाही. नांगरटीतलं ढेकूळ वाळलेलं असलं तर पाय मुरगाळतो, आतून ओलं असलं तर पायाखाली पेढ्यासारखं बसतं. माळावर सराटे, बांधाला बाभळीचे काटे, ओढ्यात लव्हाळा. पावसाळ्यात काळ्या रानात शिरायचं नाही. दहा पावलांत प्रत्येक पायाला शेर-दीड शेर चिखल चढतो, आणि हरणासारखं पोरगं भारा वाहणाऱ्या बैलागत चालायला लागतं. अशा वेळी माळाच्या कडेनं लांबचा वळसा घेणारा आधी पोचतो. आबांना प्रत्येक बांधाची उंची, प्रत्येक पांदीचं तोंड तोंडपाठ होतं. त्यांनी शाळेत भूगोल शिकला तो उर्दूत, आणि त्यातलं पुढं काही उरलं नाही. हा भूगोल ऐंशीव्या वर्षीही जागच्या जागी होता.

पण गावातल्या पोरांचं खरं मैदान म्हणजे रेल्वे. बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली, अडीच फुटी रुळांवर चालणारी गाडी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. ती जिल्ह्याच्या गावाला, उस्मानाबादेला, म्हणजे आजच्या धाराशिवला, शिवलीच नाही. येडशीवरून पुढं तडवळ्याकडं निघून गेली. पांगरी सोडून रामलिंगकडं येताना डोंगराचा चढ लागायचा, आणि तिथं ती गाडी इतकी दमायची की माणसानं जरा जोरात पाय उचलला तर तिच्या बरोबरीनं जावं. पुढच्या डब्यातून उतरून सीताफळं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं, हा खेळ त्या मार्गावरच्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी खेळल्याचं सांगतो. आमच्या पोरांचा खेळ याच्या पुढचा होता.

बार्शी ही मोठी बाजारपेठ. मोगलाईतली माणसं कापड, काडेपेट्या, गूळ, भांडी घ्यायला तिथंच जायची. येताना निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. येडशीला उतरलं की करोडगिरीवाले गाठोडी सोडायला लावायचे. म्हणून उतारू चढावरच, जिथं गाडी मंद व्हायची तिथं, खिडकीतून गाठोडं खाली टाकून द्यायचे. खाली पोरं तयार. गाठोडं उचलायचं, टाकणाऱ्याचा चेहरा ध्यानात ठेवायचा आणि झाडीतून आडवाटेनं ते त्याच्या गावी पोचवायचं. मजुरी एक आणा, तोही कलदार. आबा अभिमानानं सांगायचे की एकही गाठोडं कधी कमी भरलं नाही. पेरू चोरणारी पोरं परक्याच्या कापडाला हात लावत नव्हती, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. मलाही वाटत नाही. पेरू झाडाचा असतो, कापड माणसाचं.

त्या गाडीवर एक गार्ड होता. कुठला, कोण, आबांना नाव आठवत नव्हतं. गोरटेला, पान खाणारा, एवढंच. तो पोरांना रोज चढावर पळताना बघायचा. एके दिवशी मागच्या डब्याच्या दारात उभं राहून त्यानं गळ्यातली पितळी शिट्टी काढून दाखवली आणि ओरडला, “रामलिंगच्या फलाटाला माझ्या आधी जो हात लावेल त्याची.” दहाबारा पोरं सुटली. रुळाच्या कडेची खडी, मग मोरी, मग वळण. वळणापर्यंत दोघंच उरले, आबा आणि त्यांचा जोडीदार, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो. फलाटाला आबांचा हात आधी लागला. ती शिट्टी आमच्या घरात लोखंडी ट्रंकेत, आजीच्या लुगड्याच्या घडीखाली, कायम होती. पोळ्याच्या दिवशी बाहेर निघायची. आबा ती चिंचेनं घासायचे, एकदा वाजवायचे आणि शर्यतीची गोष्ट सांगायचे. वळणावर तात्या कसे मागं पडले, हे सांगताना त्यांचे डोळे तेरा वर्षांच्या पोराचे व्हायचे.

तात्यांचं घर गावकुसाबाहेर, तेव्हाच्या महारवाड्यात. आज त्या वस्तीचं नाव भीमनगर आहे. आबा गेल्यावर मी तात्यांकडं अधूनमधून जायला लागले, आबांच्या गोष्टी पुन्हा ऐकाव्यात म्हणून. पेरूच्या बागेची गोष्ट काढली तर म्हणाले, “मी न्हवतो त्यात.” मला आश्चर्य वाटलं. आबांच्या तोंडी तर सगळी पोरं होती. तात्या सावकाश बोलत गेले.

“पोरी, तुजा आजा पळाला तर मळ्यावाला वाड्यावर यायचा गाऱ्हाणं घिऊन. वसरीवर बसायचा, च्या प्यायचा, जायचा. मी पळालो तर? मी पळून जाईन कुटं बी. घर कुटं पळंल? बाप चावडीम्होरं उभा राहील. म्हून मी त्या बागंत कदी गेलोच न्हाई.”

इतकी वर्षं मी पेरूची गोष्ट पळणाऱ्याच्या पायांची गोष्ट म्हणून ऐकली होती. आमचं घर पाटलाच्या भावकीतलं. शिपायाला चुकवणारे पाय आबांचे होते हे खरंच; पण त्या पायांच्या मागं एक वसरी होती, चहाची कपबशी होती, आणि तिथं येऊन प्रत्येक गाऱ्हाणं विझत होतं. तात्यांच्या मागं यातलं काही नव्हतं.

त्यांना पळायचं कमी होतं असं मात्र नाही. उलट, गावात सगळ्यात जास्त पळत असतील तर तेच. त्यांच्या घराकडं वतन होतं. वतनदार महारानं सरकारी कागद पुढच्या गावी पोचवायचा, साहेबाच्या टांग्यापुढं धावायचं, कुणी मेलं तर पाहुण्यारावळ्यांच्या गावी जाऊन सांगावा द्यायचा. वेळ-अवेळ नाही. वडलांचे गुडघे गेल्यावर अकराव्या-बाराव्या वर्षापासून हे तात्यांवर आलं. रात्री चावडीवरून हाक आली की काठी उचलायची आणि निघायचं. पुढच्या गावच्या येसकराच्या हातात कागद दिला की माघारी. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची भाकरी. “रातीला तरसाचा आवाज आला की म्या जी धूम ठोकायचो,” तात्या म्हणाले, “तुज्या आजाला आसा पळताना कुणी बगितला न्हाई.”

त्यांनी आणखी एक दिवस सांगितला. फेब्रुवारी १९४१. कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली होती, २२ आणि २३ तारखेला, आणि बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते. तात्या नऊ-दहा वर्षांचे. वडलांच्या खांद्यावर बसून गेले, कारण पुढं बैलगाड्यांची मिरवणूक आणि भोवती माणसांचा डोंब. भाषण कळायचं वय नव्हतं. वडलांनी परतीच्या वाटेवर एवढंच सांगितलं की हे कागद घेऊन पळणं आपल्या कपाळावर लिहिलेलं नाही, ते माणसांनी लिहिलंय, असं साहेब म्हणाले. वडलांनी हे त्याच शब्दांत ऐकलं होतं की आपल्या शब्दांत सांगितलं, कोण जाणे. तात्यांना ते तसं आठवत होतं. बाबासाहेबांनी त्याच्या तेरा वर्षं आधी, १९२८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं होतं. पण मुंबईचं विधिमंडळ म्हणजे दगडाच्या पलीकडचं. पेरू घेऊन पळणारं पोरगं तो दगड ओलांडून सुटत होतं. कायद्याला मात्र तो ओलांडून अलीकडं येता येत नव्हतं. म्हणूनच बाबासाहेबांचं निजामाच्या मुलखात, तडवळ्यासारख्या गावात येणं त्या माणसांना केवढं मोठं वाटलं असेल, याचा मला आता अंदाज येतो.

१९४७ चा ऑगस्ट आला. दगडाच्या पलीकडं झेंडा लागला, अलीकडं तो लावणं गुन्हा होता. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता. वर्षभरात आमच्या भागातली कितीतरी घरं गाडीत बाडबिस्तरा टाकून बार्शीकडं गेली. हद्दीपलीकडं स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली. तिथली माणसं रात्री अलीकडं येऊन करोडगिरीचे नाके जाळायची, शिंदीची झाडं तोडून निजामाचं आबकारी उत्पन्न बुडवायची. आबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. चिठ्ठ्या नेत होते. ही गोष्ट ते फार रंगवत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच की त्यांना कुणी कधी अडवलं नाही. ज्या पोराला सारं गाव रोजच पळताना बघतं, ते आज का पळतंय, असं कुणी विचारत नाही. पेरूच्या चोरीनं कमावलेला बदलौकिक असा कामाला आला. तात्याही चिठ्ठ्या नेत होते. त्यांच्या हातात तर सरकारी कागद असायचाच, त्याच्या घडीत दुसरा कागद कुणी शोधला नाही. बदलौकिकाच्या आड एक जण पळत होता, वतनाच्या आड दुसरा. पुढं आमच्या घरी आबांच्या या कामाचा उल्लेख चारचौघांत होत राहिला. तात्यांचा मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याच तोंडून.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज नळदुर्गात शिरली. आजीचं माहेर तिकडचं. भांडी फडताळातून खाली पडली म्हणायची, रणगाड्यांच्या आवाजानं. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत फौजेनं ताब्यात घेतला. तिथला सगळा डाव वेगाचाच होता. नळदुर्गच्या त्या लढाईत शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग पडले. पुढं अशोकचक्र सुरू झालं तेव्हा त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. चार-पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाचं राज्य संपलं.

इथं आबा थांबायचे. गोष्ट इथं संपायची, आणि आम्हा पोरांना त्यात काही राहून गेलंय असं वाटत नसे. राहिलेलं आजीनं सांगितलं, आबा गेल्यानंतर.

राज्य संपल्यावर पळायची पाळी दुसऱ्यांवर आली. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस या मुलखात फिरून गेली. सर्वात जास्त झळ लागलेले म्हणून तिनं जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. साऱ्या राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज. तो अहवाल कैक वर्षं बाहेर आला नाही, आणि गावोगावच्या वसऱ्यांवरही यातलं कुणी फारसं बोललं नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तात्या पलीकडच्या गावाहून धावत आले, परगावची टोळी या बाजूला निघालीय अशी बातमी घेऊन. चावडीवर न जाता ते थेट आबांकडं आले. दोघं मळ्यात पळाले. बागवान चाचांचे गुडघे तोवर गेलेले; ज्यांनी सात-आठ वर्षं या पोरांच्या मागं गोफण फिरवली त्यांना आता उठून चालता येईना. आबांनी त्यांना पाठुंगळी घेतलं, तात्यांनी त्यांची नात काखेला मारली, चाची आणि सून मागून. बाजरीच्या उभ्या रानातून रामलिंगच्या दरीत. तीन रात्री ती माणसं तिथं कपारीत राहिली. वरून पाऊस, खाली ओढ्याचा धबधबा. आजी नवी नवरी होती, तिनं कुणाला कळू न देता भाकरी बांधून दिल्या. कुणासाठी, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. “पाठीवर बसल्या-बसल्या चाचा ह्यांच्या कानात म्हनले,” आजीनं सांगितलं, “‘अरे, तू इतका जोरात पळतोस, म्हून मला कदी गावला न्हाईस.’” चाचांचं कुटुंब पुढं बार्शीला गेलं. बाग कुणी तरी दुसऱ्यानं घेतली. आबांनी त्यानंतर पेरू खाल्लेला आजीनं पाहिला नाही. आम्हाला वाटायचं, दातांमुळं.

माझी थोरली आत्या आबांवर गेलेली. पण तिच्या पळण्याची गोष्ट पोळ्याला कुणी सांगत नसे. १९७२ च्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली, रात्रभर झिरपून पहाटे दोन-तीन घागरी पाणी साठायचं. जी पहिली पोचेल तिचं. आत्या सतरा वर्षांची होती. पायातले पैंजण वाजून शेजारणी जाग्या होऊ नयेत म्हणून पैंजण उशाला काढून ठेवायची आणि अंधारात अनवाणी सुटायची. खोडीच म्हणायची ही, आणि घर तिच्या खोडीवर तगलं. दिवसभर ती रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. त्याच वर्षी तिचं लग्न झालं. मला ती माघारपणाला आल्यावर एकदाच पळताना दिसली, रेडकू सुटलं म्हणून. पदर खोचून ती पांदीतून अशी गेली की मी बघत राहिले. परत येताना चालत आली, पदर डोक्यावर घेऊन.

मी खो-खो खेळले ते आठवीपर्यंत. आमच्या शाळेत मुलींचा संघ चांगला होता. मैदान आम्ही सुट्टीत स्वतः दगड वेचून, पाणी मारून करायचो. नववीत मला घरून आणि बाहेरून एकाच वेळी सांगण्यात आलं की आता पुरे. मी रडले नाही. रडायचं असतं हेही सुचलं नाही. मधल्या पाटीची ती आखलेली रेघ बरीच वर्षं स्वप्नात यायची, एवढंच.

म्हणून सारिका काळे हे नाव माझ्यासाठी बातमीतलं नाव नाही. आमच्याच जिल्ह्यातली मुलगी. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार होती आणि संघानं सुवर्ण आणलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ती तुळजापुरात क्रीडा अधिकारी होती. पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या रात्री मी टीव्हीसमोर उभी राहून सामना बघितला. बसवेना.

गुवाहाटीच्या विजयानंतरच्या उन्हाळ्यात मी तात्यांना शहरातल्या मैदानावर घेऊन गेले होते. ते पंच्याऐंशीच्या घरात, लेकाकडं राहायला आलेले. संध्याकाळचा सराव चालला होता. मैदानावर पाणी मारलेलं, मातीचा वास, तीन-तीनच्या तुकडीनं उतरणाऱ्या मुली. एक पोरगी समोरच्या धावणारीच्या अगदी हातावर आली, आणि धावणारी मधल्या पाटीतून पलीकडं सटकली. पाठलाग करणारी तिथंच अडली.

“थांबली का ती?” तात्यांनी विचारलं.

“तिला मधून जाता येत नाही. नियम आहे.”

तात्या हसले. “शिपाई,” म्हणाले. “दगडापाशी.” म्हणजे बागेत गेले नसले तरी ती गोष्ट त्यांनीही शंभरदा ऐकलेली.

मग पंचानं शिट्टी वाजवली. तात्या बराच वेळ त्या दिशेला बघत राहिले.

“ती गार्डाची शिट्टी हाय का आजून?”

“आहे. ट्रंकेत.”

“वाजती?”

“वाजते.”

“वळणाच्या फुडं मी व्हतो,” ते म्हणाले. “दहा पावलं. चांगली दहा. फलाट दिसला. फलाटावर गावची चार मोठी माणसं बसल्याली व्हती, गाडीची वाट बघत. पाटील बी व्हता. मग जरा दमानं घेतलं.”

“का, तात्या?”

“गार्ड शिट्टी दिऊन फुडं गेला आसता लातूरला. मला फिरून गावातच यायचं व्हतं की.”

आबांना हे ठाऊक होतं का, हे मी विचारलं. तात्यांनी मान हलवली नाही, आडवीही नाही आणि उभीही नाही. पुढची तुकडी मैदानात उतरत होती, त्यांनी तिकडं बोट केलं.

पुढच्या रविवारी मी ट्रंक उघडली. शिट्टी चिंचेनं घासली, रुमालात बांधली आणि तात्यांच्या लेकाच्या घरी नेली. तात्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, धोतरानं पुसली, ओठाला लावली. श्वास पुरला नाही; नुसती हवा निघाली. तेवढ्यात त्यांची सात-आठ वर्षांची पणती कुठूनशी आली, तिनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली, कान फाटेस्तोवर एकदा वाजवली आणि गल्लीतून पळत सुटली. तिची आई दारात येऊन ओरडली. पोरगी कोपऱ्यावर वळली, शिट्टीचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून आला, मग तीन. माझ्या शेवटच्या एसटीची वेळ झाली तरी ती परत आली नव्हती.